क्लब विकला जाणार अशी बातमी आली की फॅननं काय करायचं

२०२३ च्या फेब्रुवारीत एका रात्री कोल्हापूरहून भाच्याचा मेसेज आला, "मामा, कतारवाले युनायटेड घेणार म्हणत्यात, खूश होऊ का नको?" पोरगं शाळेत असल्यापासून मँचेस्टर युनायटेडचं, मध्यरात्री उठून मॅच बघणारं, आणि क्लबच्या अमेरिकन मालकांवर, ग्लेझर लोकांवर, एवढा राग की कुणीही येऊ दे पण हे जाऊ देत अशी त्याची अवस्था. मी दोन ओळींचं काहीतरी उत्तर टाकलं आणि आडवा झालो, पण डोक्यातून ते जाईना, कारण हाच प्रश्न मी इथं वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवरच्या माणसांकडून ऐकतोय. मी राहतो इंग्लंडमध्ये, लँकशायरला, माझं सीझन तिकीट ब्लॅकबर्न रोव्हर्सचं आणि ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मालक पुण्याचे, वेंकीज. म्हणजे इथले लोक ज्याला परदेशी मालक म्हणतात तो आपल्या गावाकडचा. भाच्याला तेव्हा जे नीट सांगायला पाहिजे होतं ते आता सगळं एकदम लिहून काढतोय, तुमचा क्लब कुठलाही असो, बातमी आली की उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, पहिल्या रात्री काही पोस्ट करू नका. आनंदाचं नको, रागाचं पण नको. एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा की नव्या मालकाकडून काय पाहिजे, उजवीकडे लिहा की काय गेलं तर तुम्हाला चालणार नाही. मोघम लिहायचं नाही. "क्लबची ओळख टिकावी" असलं लिहिलं तर त्याचा कुणी काहीही अर्थ काढतं. लिहायचं ते असं: जर्सी निळी राहिली पाहिजे, मैदान आहे तिथंच राहिलं पाहिजे, बारा वर्षांच्या पोराचं तिकीट परवडलं पाहिजे, अकॅडमी बंद होता कामा नये. हे सगळं हातचं आहे असं वाटतं पण तसं नसतं. कार्डिफ सिटीची जर्सी पिढ्यान् पिढ्या निळी, २०१२ मध्ये मलेशियाच्या मालकानं ती लाल केली, का तर लाल रंग शुभ, आणि निळी परत यायला जानेवारी २०१५ उजाडलं. विम्बल्डनचा तर अख्खा फुटबॉल क्लबच २००३ मध्ये लंडनमधून उचलून मिल्टन कीन्सला नेला, आणि ते होणार हे कळल्याबरोबर फॅन्सनी २००२ मध्येच स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. तेव्हा उजवी बाजू भरताना लाजू नका, वेडेपणा वाटला तरी लिहा, कारण पुढे सपोर्टर्स ट्रस्टच्या, म्हणजे फॅन्सनी मिळून काढलेल्या संस्थेच्या, मीटिंगमध्ये हाच कागद कामाला येतो.

आता "परदेशी" या शब्दाबद्दल, यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्या कोल्हापुरात बघा. समजा उद्या पीटीएमची (पाटाकडील तालमीची) नाहीतर खंडोबा तालमीची टीम बाहेरच्या कुणी पैसेवाल्यानं घेतली. पेठेतली माणसं काय विचारतील? तो कुठल्या गावचा हे विचारतीलच, पण त्याच्यापेक्षा जास्त हे विचारतील की शाहू स्टेडियमवर मॅचला येणार का, हरल्यावर तालमीत येऊन आमच्यासमोर बसणार का, का नुसता फ्लेक्सवर दिसणार. फॅनच्या पोटात जी कालवाकालव होते ती बहुतेक वेळा याचीच असते, की ज्याच्या हातात आपली गोष्ट जातीय त्याला ती आपल्याएवढी लागते का. पण तोंडातून बाहेर पडताना ते "बाहेरचा माणूस नको" असं पडतं, आणि तिथं गडबड होते.

मी इथं आलो त्या पहिल्या वर्षी पबमध्ये एकानं विचारलं भारतात कुठला, मी सहज म्हणालो कोल्हापूर, पुण्याच्या खाली. पुणं हा शब्द ऐकला आणि टेबलावर सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "तुमच्या लोकांनी आमचा क्लब घालवला." त्याचं दुःख खरं होतं, मला ते दिसत होतं, पण "तुमचे लोक" म्हणजे कोण? माझा त्या कंपनीशी काय संबंध? आणि ब्लॅकबर्नमध्ये गुजराती, पाकिस्तानी घरं पन्नास साठ वर्षांपासून आहेत, त्यांची पोरं याच मैदानाच्या आसपास वाढलीत, त्यांनी हे वाक्य ऐकलं तर ती कशाला येतील मॅचला? त्या दिवशी बाजूला एक आजोबा बसले होते, ते त्याला म्हणाले की विकलं कुणी ते पण सांग की. आता ते आजोबा माझ्या शेजारच्या सीटवर असतात.

विकलं कुणी हा प्रश्न लई महत्त्वाचा आहे आणि बातमीच्या गडबडीत तो कुणी विचारत नाही. ब्लॅकबर्नला १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून देणारा जॅक वॉकर गावचाच माणूस, स्टीलच्या धंद्यात पैसा केला आणि क्लबमध्ये ओतला, मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. २००० मध्ये तो गेला, शेअर्स जर्सी बेटावरच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे आले, आणि त्या ट्रस्टनं नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना वेंकीजला विकला. म्हणजे घेणारा परका होता तसा देणारा घरचाच होता. दुसरं उदाहरण याहून कडू. आमच्यापासून जवळच बरी नावाचं गाव आहे, त्यांचा क्लब १८९४ पासून फुटबॉल लीगमध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका इंग्लिश माणसानंच घेतला, १ पौंडाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लब लीगमधून बाहेर काढला गेला. सव्वाशे वर्षं संपली. तेव्हा कागदावर "परदेशी" असं काही लिहिलं असेल तर ते खोडा आणि त्याच्या जागी तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतीय ते लिहा: इथं येणार नाही, बोलणार नाही, पैसे कुठनं येणार माहीत नाही, फुटबॉल कळत नाही.

बातमी कुठल्या टप्प्यावर आहे ते बघणं पुढचं काम, यात फार वेळ घालवू नका. "इंटरेस्ट आहे" म्हणजे काहीच नाही. एक्सक्लुझिव्ह बोलणी चालू म्हणजे वकील आणि अकाउंटंट कामाला लागले, वह्या तपासतायत. करार झाला म्हणजे सह्या झाल्या, पण लीगची मालकांची टेस्ट, म्हणजे नवा मालक क्लब चालवायला लायक आहे का याची तपासणी, बाकी. कतारच्या शेख जासिमचं युनायटेडचं तेच झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये बोली लावली, आठ महिने रोज बातम्या आणि ऑक्टोबरमध्ये माघार. शेवटी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफनं साधारण पाव हिस्सा घेतला आणि बहुमत ग्लेझरकडेच राहिलं. भाच्यानं त्या आठ महिन्यांत किती जणांशी भांडणं काढली असतील देव जाणे.

पैसा मात्र नीट बघायचा, इथं आळस करायचा नाही. इंग्लंडमधल्या प्रत्येक कंपनीचे कागद कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट दिसतात, कोल्हापुरात बसून पण दिसतात. क्लबचं कंपनी म्हणून नाव शोधा, मग तिचा मालक कोण ते बघा, ती बहुतेक दुसरी कंपनी असते (रोव्हर्सच्या वर वेंकीज लंडन लिमिटेड आहे), मग तिचा मालक कोण ते बघा, असं वर वर चढत जायचं, जिथं साखळी केमन बेटांवर नाहीतर जर्सी बेटावर जाऊन थांबते तिथं नोंद करून ठेवा. मग "चार्जेस" नावाचा टॅब उघडा. त्यात क्लबनं काय गहाण ठेवलंय ते दिसतं, कुणाकडे, कधी, फिटलं का नाही. मैदान क्लबच्याच नावावर आहे का वेगळ्या कंपनीच्या, ते पण बघा, कारण शेफील्ड वेन्सडेचं हिल्सबरो मैदान मालकानं क्लबकडून स्वतःच्या वेगळ्या कंपनीला विकलं होतं आणि असं झालं की क्लब विकताना मैदान सोबत येतंय का नाही हा वेगळाच वाद होऊन बसतो. शेवटी हिशोबाच्या पीडीएफमध्ये "गोइंग कन्सर्न" हा परिच्छेद वाचा. बाकी पन्नास पानं कळली नाहीत तरी चालेल, त्या परिच्छेदात सरळ लिहिलेलं असतं की क्लब पुढचं वर्ष कुणाच्या पैशावर चालणार आहे.

आणि एक प्रश्न सगळ्यांच्या आधी: नवीन मालक क्लब घ्यायला स्वतःचे पैसे घालतोय का क्लबच्याच नावावर कर्ज काढतोय? २००५ मध्ये ग्लेझर लोकांनी युनायटेड घेतलं तो सौदा ७९ कोटी पौंडांचा झाला, त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्या डोक्यावर बसलं, ज्या क्लबवर त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कर्ज नव्हतं. घर विकत घेणाऱ्यानं हप्ते आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंकडून भरून घ्यावेत तसा प्रकार. काही फॅन्सनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला, बाकीच्यांनी २०१० मध्ये हिरवे पिवळे स्कार्फ घातले, क्लबचं जुनं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे रंग. भाच्याकडे पण तसला एक स्कार्फ आहे, कोल्हापूरच्या उकाड्यात गळ्यात घालून बसतो.

परदेशी मालकाबाबत अजून एक बघायचं ते म्हणजे पैसा देशाबाहेर यायला काय काय लागतं. रोव्हर्सला भारतातून पैसे पाठवायचे तर २०२३ पासून दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यायची वेळ आली. २०१० मध्ये ब्लॅकबर्नच्या फॅननं हे मनात पण आणलं नसेल. तेव्हा मालक श्रीमंत आहे का एवढंच विचारून भागत नाही, त्याच्या देशातला पैसा दर महिन्याला पगाराच्या तारखेला इथं पोचतो का हे विचारायचं.

रोव्हर्सचं काय झालं ते पण थोडक्यात सांगतो, कारण पहिल्या शंभर दिवसांत कशावर नजर ठेवायची ते त्यातनं कळतं. सौदा १९ नोव्हेंबर २०१० ला झाला, १३ डिसेंबरला मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं, टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. ७ मे २०१२ ला टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली, त्या संध्याकाळी पाऊस होता आणि कुणीतरी क्लबचं कापड गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली, वेंकीज पोल्ट्रीवाले म्हणून. पुढच्या सीझनला हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ ला परत ७ मे हीच तारीख, शेवटची मॅच ब्रेंटफर्डला जिंकून सुद्धा गोल फरकावर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. एका वर्षात वर आले ते चांगलं झालं. आणि खरं ते खरं, मालकांनी दरवर्षी तोटा भरून काढलाय, बरीसारखं कुलूप लागलं नाही, हे शेजारचे आजोबा पण मान्य करतात. पण पहिल्याच महिन्यात चालती घडी मोडली, आणि मालक स्वतः इथं नसताना कुणाच्या सल्ल्यानं चाललंय हे फॅन्सना कळलं नाही, ती जखम अजून ओली आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये हीच टीम पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आली होती, मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि मॅचला गेलो होतो. माझ्यासाठी तो सणाचा दिवस होता. त्याच महिन्यात इथं ही माणसं मैदानाबाहेर मोर्चे काढत होती हे मला इथं आल्यावर कळलं.

आता एकट्यानं करायचं संपलं. तुमच्या क्लबची सपोर्टर्स ट्रस्ट असेल तर मेंबर व्हा, बऱ्याच ट्रस्टमध्ये परदेशातल्या फॅन्सना पण घेतात. आणि सह्या व्हायच्या आधी लेखी प्रश्न पाठवा. आधी, हे विसरू नका, सह्यांच्या आधी सगळे गोड बोलतात आणि तेव्हाच लिहून घेता येतं. प्रश्न असे: क्लब घ्यायला कर्ज काढलंय का आणि त्याला तारण काय. पहिल्या तीन वर्षांचा तोटा कोण भरणार. मैदान क्लबच्या कंपनीतच राहणार का. नाव, बिल्ला, रंग बदलणार नाही असं लिहून देता का. रोजचे निर्णय घ्यायला गावात कोण बसणार, त्याचं नाव काय. वर्षातून किती वेळा फॅन्ससमोर येणार. आणि कंटाळा आला तर कसं विकणार. हा शेवटचा प्रश्न लोकांना अपशकुनी वाटतो पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रेक्सहॅमचं बघा, तिथं क्लब फॅन्सच्या ट्रस्टचाच होता, त्यामुळे हॉलिवूडचे रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी यांना २०२० मध्ये ट्रस्टच्या मेंबरांसमोर येऊन स्वतःचं म्हणणं मांडावं लागलं, नाव बदलणार नाही, गाव सोडणार नाही असं सांगावं लागलं, मग मतदान झालं आणि ९८.६ टक्के मतं बाजूनं पडली. ते पण परदेशीच की. पोर्ट्समथच्या फॅन्सनी बुडालेला क्लब २०१३ मध्ये वर्गणी काढून स्वतः घेतला आणि २०१७ मध्ये मतदान करून अमेरिकेच्या मायकल आइस्नरला विकला. याच्या उलट स्वान्झी, ट्रस्टकडे २१ टक्के हिस्सा होता, तरी २०१६ मध्ये बाकीच्या मालकांनी आपले शेअर्स अमेरिकन लोकांना विकले आणि ट्रस्टला बोलण्यांत धरलंच नाही. तेव्हा ट्रस्टकडे शेअर्स असतील तर बाकीचे विकतील तेव्हा आमचे पण त्याच भावात घ्यावे लागतील हे करारात आहे का ते वकिलाकडून आजच बघून घ्या.

मैदानासाठी वेगळा एक मार्ग आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानं गावातली किमान २१ माणसं एकत्र येऊन कौन्सिलला सांगू शकतात की ही जागा समाजाच्या मोलाची म्हणून नोंदवा. युनायटेडच्या फॅन्सनी २०१३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डची अशी नोंद करून घेतली. मग मालकाला मैदान विकायचं झालं तर आधी कळवावं लागतं, आणि फॅन्सना बोली लावायची असेल तर मालकाला सहा महिने थांबावं लागतं. पण नीट ऐका, हे मैदान विकलं तरच. मालकानं कंपनीचे शेअर्स विकले तर ही नोंद काही अडवू शकत नाही, आणि बहुतेक टेकओव्हर शेअर्सचेच असतात. २०२५ च्या कायद्यानं आता स्वतंत्र रेग्युलेटर आलाय, तो मालकाचा पैसा कुठून आला ते विचारू शकतो, मैदान विकायला त्याची परवानगी लागते आणि बिल्ला नाहीतर घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर फॅन्सना विचारावं लागतं. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. जर्मनीत तर ५०+१ चा नियमच आहे, मतांचं बहुमत क्लबच्या मेंबरांकडेच, लेव्हरकुझेन, वोल्फ्सबर्ग असे थोडे अपवाद सोडून. आजोबांना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

पैसा भरपूर आहे पण तो कुणाचा आहे हे खटकतंय, तेव्हा काय करायचं? ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडानं न्यूकॅसलचा ८० टक्के हिस्सा घेतला तेव्हा हजारो लोक मैदानाबाहेर नाचत होते आणि त्याच वेळी ॲम्नेस्टीवाले मानवी हक्कांबद्दल बोलत होते. नाचणारे वाईट होते असं मला वाटत नाही, आधीच्या मालकाची चौदा वर्षं त्यांनी काढली होती, आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकला तेव्हा १९५५ नंतरची पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी होती ती, म्हातारी माणसं रडत होती. पण टीमसाठी ओरडायचं आणि मालकाबद्दल प्रश्न पण विचारायचे हे दोन्ही एकाच माणसाला जमतं. जमत नाही ते हे, की मालकाचा वकील होऊन इंटरनेटवर अनोळखी लोकांशी एका देशाच्या सरकारच्या बाजूनं भांडायचं. ते काम तुमचं नाही. त्यासाठी त्यांनी माणसं पगारावर ठेवलेली असतात.

सौदा झालाच आणि वाईट निघाला तर निषेध करा, मैदानाबाहेर उभे राहा, क्लबच्या दुकानातून खरेदी बंद करा, स्पॉन्सरला पत्रं लिहा, पण मालकाच्या जातीवर, धर्मावर, देशावर एक शब्द येऊ देऊ नका आणि शेजारी कुणी बोलत असेल तर तिथल्या तिथं थांबवा. तसली एक घोषणा झाली की बातमी तिचीच होते आणि तुमचे सातच्या सात प्रश्न बाजूला पडतात. खेळाडूंना पण सोडा, एकोणीस वर्षांचं पोरगं बॉल घेऊन पळत असतं, त्यानं क्लब विकलेला नसतो.

आणि कॅलेंडरमध्ये एक तारीख टाकून ठेवा. बऱ्याच क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि खासगी कंपनीला हिशोब भरायला नऊ महिने मिळतात, म्हणजे ३१ मार्चच्या आसपास मागच्या सीझनचे आकडे येतात. नव्या मालकाचे पहिले आकडे आले की सह्यांच्या आधीची त्याची लेखी उत्तरं शेजारी ठेवून वाचायला बसा. मी दर वर्षी ते प्रिंट काढून मॅचला घेऊन जातो, हाफटाइमला आजोबा थर्मासमधला चहा ओततात, खिशातनं चष्मा काढतात आणि विचारतात, "काय म्हणतंय पुणं?", आणि आम्ही गोइंग कन्सर्नच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो.